जुनी टू-मीटर हँडी: उघडण्याआधीपासून टोन बोर्ड बसेपर्यंत

माळ्यावरून उतरवलेली हँडी, म्हणजे हौशी (अमेच्युअर) रेडिओच्या टू-मीटर बँडवर बोलायचा हातातला सेट, माझ्या टेबलावर येते, तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा दोन बिघाड असतात. एक वयाचा आणि दुसरा मालकाने केलेला. ‘आवाज येत नव्हता, म्हणून आतले ते छोटे स्क्रू जरा फिरवून बघितले,’ हे वाक्य ऐकलं की मी आधी चहा मागवतो. मूळ दुखणं बॅटरीच्या गंजलेल्या पट्टीत असतं. पाच मिनिटांचं काम असतं ते, पण ते स्क्रू, म्हणजे सेट जुळवायचे ट्रिमर, हलवल्यामुळे आता दोन संध्याकाळी जाणार.

म्हणून क्रम धरा: आधी वीज, मग आवाज, मग रिसीव्ह, त्यानंतर ट्रान्समिट. मॉडिफिकेशन सगळ्यात शेवटी. मधला टप्पा गाळून पुढे जायचं नाही.

उदाहरणासाठी आयकॉम आयसी-२एटी घेतो. फ्रीक्वेन्सीसाठी वर तीन अंकचाकं, ५ किलोहर्ट्झचं वेगळं बटण, मागे हाय-लो पॉवरचा स्विच, बीएनसी (फिरवून अडकवायच्या) कनेक्टरवरची अँटेना आणि खालून सरकवायचा बॅटरी पॅक. मूळ बीपी-३ पॅकवर १.५ वॉट देणारा हा साधा सेट आहे. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीची त्या काळातली हँडी असली तरी वाट हीच, फक्त भागांच्या जागा वेगळ्या.

लायसन्स: अमेच्युअर लायसन्स नसेल तर सातवा टप्पा तुमच्यासाठी नाही, आणि सहाव्या, आठव्या व दहाव्यातला ट्रान्समिटचा भागही नाही. ऐकण्यापर्यंतचं काम करा आणि पुढचं लायसन्स असलेल्या मित्राच्या टेबलावर. लायसन्स असेल तरी एक ध्यानात ठेवा. आपल्याकडे टू-मीटरची मर्यादा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे आणि अमेरिकेसाठी बनलेल्या या सेटची चाकं १४६ च्या पुढेही फिरतात. चाक फिरतंय म्हणजे तिथे बोलायची मुभा आहे असं नाही.

## १. टेबल लावणे

स्क्रू ड्रायव्हरपासून सुरुवात. जपानी सेटचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांची खाच वेगळी असते. फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. जेआयएस मापाचा छोटा ड्रायव्हर घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं, बारीक टोकाचं. सोल्डर ६०/४०, ०.७ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, आत रोझिन असलेलं. डबीतली पिवळी पेस्ट बाजूला ठेवा. तिच्यात आम्ल असलं तर ते बोर्डावर राहून वर्षभरात तांबं खातं. स्वच्छतेला आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर किंवा पेट्रोलने पुसलेल्या कव्हरावर अक्षरंही राहत नाहीत आणि प्लॅस्टिकही.

करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय आणि मल्टिमीटर हवाच. सुटलेले स्क्रू ठेवायला इडलीपात्राची जुनी थाळी ठेवा. पहिल्या खळग्यात मागचे स्क्रू, दुसऱ्यात बाजूचे. सगळे स्क्रू सारखेच दिसतात, पण लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालचा ट्रॅक कापतो.

डमी लोड, म्हणजे चाचणीला अँटेनाच्या जागी लावायचा भार, घरी करा. १०० ओहमचे, २ वॉटचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडून बीएनसी कनेक्टरवर टाका. पाय जितके आखूड ठेवता येतील तितके. सिमेंटचा पांढरा रेझिस्टर वापरू नका. आत तारेचं वेटोळं असतं आणि १४५ मेगाहर्ट्झला ते कॉइलसारखं वागतं. मीटरवर ५० ओहम दिसतील, पण सेटला दिसणार नाहीत.

त्याच लोडवर वॉट मोजायची सोयही होते. लोडच्या गरम टोकाला (बीएनसीच्या मधल्या पिनच्या बाजूला) एका १एन५७११ डायोडचा ॲनोड जोडा. त्याच्या कॅथोडपासून जमिनीला (बीएनसीच्या बाहेरच्या धातूला) ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा आणि कपॅसिटरवरचा डीसी व्होल्टेज मोजा. आलेल्या आकड्यात ०.३ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. आले तेवढे वॉट. १२ व्होल्टच्या आसपास दिसले म्हणजे साधारण दीड वॉट.

## २. न उघडता तपासणी

सेटचा वास घ्या. विनोद नाही. बॅटरीच्या जागी तिखट, क्षारासारखा वास आणि पट्ट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल गळले आहेत. सेट ऐंशीच्या दशकाअखेरचा किंवा नव्वदच्या दशकातला असेल, आणि टेकवलेल्या आयर्नजवळ माशासारखा वास आला, तर आतले छोटे ॲल्युमिनियम कपॅसिटर गळताहेत.

बीएनसी बोटाने हलवा. हलला तर आतल्या मधल्या पिनचं सोल्डर फुटलेलं असणार. रबरी अँटेना वाकवून बघा, बुडाशी तुटलेली असते.

मग बाहेरच्या स्पीकर-माइकच्या भोकात प्लग आठ-दहा वेळा घालून काढा. प्लग आत गेला की आतला स्पीकर तोडणारा संपर्क तिथे असतो. तो गंजून उघडाच राहिला की सेट मुका होतो. ‘आवाज गेला’ म्हणून आलेल्या कितीतरी हँड्या मी एवढ्यावरच परत दिल्या आहेत, कव्हर न उघडता.

तपासणी: इथेच बिघाड सापडला तर थांबा. तो काढा, सेट चालवून बघा. मगच पुढे.

## भिजलेल्या सेटसाठी वेगळी वाट

हे कोल्हापुरात लिहावंच लागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर शाहूपुरीच्या बाजूने किती वस्तू गाळासकट आल्या, सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की आधी सेट माळ्यावर टाका, कपाटाच्या खालच्या खणात नको.

तरी भिजलाच, तर ‘चालतो का’ बघायला बटण दाबू नका. सेटचा जीव पाण्यापेक्षा त्या बटणाने जास्त जातो. पॅक लगेच काढा. गाळाचं पाणी वाळू देण्याआधीच सेट उघडून बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवा. बॅटरीच्या पाण्याचा कॅन चालेल, आम्लाचा नको. मऊ ब्रशने गाळ काढा, मग अल्कोहोलने धुवा. स्पीकर आणि माइक बाजूला काढून ठेवा. खोक्यात ४० वॉटचा जुना बल्ब लावून दोन दिवस कोमट वाळवा. खोक्यात हात ठेवता आला पाहिजे, एवढीच ऊब. तांदळाच्या डब्यात सेट पुरायचं आता सोडून द्या. गाळ तांदूळ शोषत नाही.

## ३. उघडणे

प्रत्येक स्क्रूआधी मोबाइलने फोटो. दोन बोर्डांमधल्या तारा सोडण्याआधी रंगासकट आणखी एक फोटो, त्यात तारांची वळणंही दिसली पाहिजेत. सर्व्हिस मॅन्युअलचा सर्किट नकाशा कागदावर छापून घ्या. फोनवर दर मिनिटाला मोठा-लहान करत बसलं की चूक होतेच.

जुन्या फोमचा डांबरासारखा चिकट लगदा झालेला असतो. तो अल्कोहोलने काढून टाका, कारण तो पुढे बोर्डावर पसरतो.

थांबा: धातूच्या डब्याखालचे ट्रिमर आणि कॉइलचे रंगीत गाभे आत्ता हलवायचे नाहीत. हात शिवशिवत असेल तर प्रत्येकाची आत्ताची जागा बारीक मार्करने खूण करून ठेवा.

## ४. बॅटरी पॅक: इथेच सगळ्यांचं चुकतं

बीपी-३ म्हणजे १.२ व्होल्टचे सात निकेल-कॅडमियम सेल, एकूण ८.४ व्होल्ट, २५० मिलीअँपिअर-तास. आता दोन लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये पूर्ण भरले की त्यांचाही आकडा ८.४ च येतो. आकडा जुळला म्हणून लोक जुन्या डब्यात दोन लिथियम सेल टाकतात आणि जुनाच चार्जर लावतात. जुना चार्जर व्होल्टेज बघून थांबत नाही. तो ठरलेला करंट रात्रभर ढकलत राहतो. निकेलचे सेल ते सोसतात, जास्तीची ऊर्जा उष्णतेत जाते. लिथियम सोसत नाही. तो फुगतो, आणि पुढे आग.

त्यामुळे नवीन माणसासाठी माझा सल्ला एकच: सातच्या जागी सातच निकेल-मेटल हायड्राइड सेल. व्होल्टेज तेच राहतं आणि चार्जिंगची पद्धतही जवळची आहे. लिथियमच करायचं असेल तर संरक्षण बोर्ड घाला, लिथियमचा वेगळा चार्जर घ्या आणि जुन्या चार्जरचे संपर्क कायमचे तोडून टाका.

जुना पॅक उघडताना सांध्यावर ब्लेड ठेवून हळू ठोका. पात्याची धार स्वतःकडे नको. आत मिळालेल्या सेलचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने मोजून मापाचे नवे सेल घ्या. पट्टी जोडलेलेच घ्या. सेलच्या अंगावर थेट आयर्न टेकवलं की आतलं सील वितळतं आणि सेल पहिल्या महिन्यात मरतो. बिनपट्टीचेच मिळाले, तर टॉर्च आणि ई-बाइकचे पॅक बांधणाऱ्याकडून स्पॉट वेल्ड करून घ्या. काम दहा मिनिटांचं असतं.

चार्जिंगच्या वाटेवर जुन्या पॅकमध्ये डायोड असेल, तर तो त्याच दिशेने परत बसवा. तो नसला की खिशातल्या किल्ल्यांनी बाहेरचे संपर्क शॉर्ट होतात आणि शर्ट जळतो. माझा जळला आहे.

गळलेल्या क्षाराच्या पट्ट्या आधी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा. फेस येईल, तो थांबेपर्यंत पुसत राहा. मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. फक्त सॅंडपेपरने घासलं तर वरची चमक येते, पण खाली क्षार राहतो. काढलेले सेल घंटागाडीत टाकू नका. त्यात कॅडमियम आहे, ते ई-कचऱ्यातच गेलं पाहिजे.

चार्जिंगचा हिशेब: सेलची क्षमता गुणिले १.४, भागिले चार्जरचा करंट. जुना चार्जर २५ मिलीअँपिअर देत असेल आणि नवे सेल ६०० मिलीअँपिअर-तासांचे असतील तर सुमारे ३४ तास लागतील. ‘रात्रभर लावला तरी चार्ज होत नाही’ अशी तक्रार असते, तिचं उत्तर हे आहे. नवा साधा चार्जर करणार असाल तर क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट ठेवा, म्हणजे ६०० ला ६०, आणि १४ तासांनी काढा.

तपासणी: चार्जरवरून काढल्या-काढल्या पॅकवर ९.८ च्या आसपास दिसायला हवं. ८.५ च दिसत असेल, तर एक सेल मेलाय; सातच्या आसपास दिसत असेल, तर एक उलटा लागलाय. प्रत्येक सेल वेगळा मोजा.

## ५. पहिली वीज आणि आवाज

नवा पॅक अजून लावू नका. सप्लाय ८.४ व्होल्टवर आणि करंट लिमिट १०० मिलीअँपिअरवर ठेवा. व्हॉल्यूम कमी, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) खरखर दबेल असा लावलेला, डमी लोड जोडलेला. शांत सेट वीस-तीस मिलीअँपिअरच्या आसपास घेतो. सप्लाय लिमिटला जाऊन आपटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बोट फिरवून गरम भाग शोधा.

शॉर्ट बहुतेक वेळा टँटलम कपॅसिटरचा असतो. तो बदलताना जी चूक होते ती नीट समजून घ्या. ॲल्युमिनियम कपॅसिटरवरची पट्टी उणे टोक दाखवते, तर चपट्या एसएमडी टँटलमवरची पट्टी अधिक टोक. उलटा लागला तर टँटलम नुसता गप्प बसत नाही, फटाका होतो. चष्मा घाला.

आता आवाज. स्क्वेल्च उघडा, खरखर आली पाहिजे. नसेल तर व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला छोटा ड्रायव्हर टेकवून त्याच्या दांड्यावर बोट ठेवा. घुर्र आवाज आला म्हणजे स्पीकर आणि आवाजाचा भाग ठीक, दुखणं त्याच्या आधी. घुर्र आलीच नाही तर स्पीकर मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सातच्या आसपास दाखवतो आणि टेकवताना ‘टिक’ करतो.

खरखर भरपूर आहे, पण जवळचं स्टेशनही कुजबुजल्यासारखं येतं, तर बीएनसीपासून पुढे बघा. बहुतेक वेळा मधल्या पिनचा सांधाच फुटलेला निघतो.

## ६. अंकचाकं

कुणाकुणाच्या हँड्या यामुळे ‘पीएलएल (फ्रीक्वेन्सी तयार करणारं सर्किट) गेला’ म्हणून भंगारात गेल्या, देव जाणे. बिघाड चाकाच्या संपर्कात असतो.

चाकावरचा अंक चार तारांवर कोडमध्ये जातो. त्या तारांची किंमत १, २, ४ आणि ८. प्रत्येक चाक शून्य ते नऊ फिरवा आणि प्रत्येक अंकाला सेट खरंच कुठे आहे ते बघा. आरटीएल-एसडीआर डाँगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) असेल तर डमी लोडवर, लो पॉवरवर, पीटीटी (बोलायचं बटण) क्षणभर दाबून बघता येतं; तेवढ्यापुरतं सप्लायचं लिमिट वाढवा. हे फक्त बँडच्या आतल्या अंकांना करा. डाँगल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, अँटेना न लावता. सेटला थेट जोडलात तर तो पहिल्या दाबात गेला.

मग नमुना वाचा. ४, ५, ६, ७ हे चारच अंक चारने कमी पडत असतील, तर ४ च्या तारेचा संपर्क मेला. फक्त विषम अंक एकने चुकत असतील तर १ चा. बाकी सर्किटला हात लावायची गरज नाही. चाकात संपर्क साफ करणाऱ्या स्प्रेचे दोन थेंब टाका आणि तीसेक वेळा फिरवा. गेटच्या कडीला मारायचा गंजाचा स्प्रे इथे नको. त्याचं तेल मागे राहतं आणि धूळ धरतं.

## ७. ट्रान्समिट

सप्लायचं लिमिट आता १ अँपिअर करा. डमी लोड लागलाय ना, ते हाताने फिरवून बघा. अँटेनाशिवाय पीटीटी दाबून शेवटचा ट्रान्झिस्टर घालवणं हा आपल्याकडचा सगळ्यात जुना खेळ आहे.

आधी लो पॉवर. ०.१५ वॉटला डायोडच्या मीटरवर साडेतीन व्होल्टच्या जवळपास यायला हवं. मग हाय, एका वेळी पाच सेकंदच. करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहील. करंट पूर्ण घेतोय पण मीटरवर काही येत नाही, तर बीएनसीचा सांधा किंवा त्याआधीचा फिल्टर बघा. करंटच वाढत नाही, तर पीटीटीचा स्विच. त्याचा रबर कडक होऊन आतली पत्री दाबली जात नाही, तो बदला.

फ्रीक्वेन्सी मोजण्याआधी सेट वीस मिनिटं चालू ठेवा. थंड सेट मोजून ट्रिमर फिरवला की गरम झाल्यावर परत चुकतो. डाँगलची स्वतःची चूक १ पीपीएम (दहा लाखांत एक) असेल तर १४५ मेगाहर्ट्झला ती १४५ हर्ट्झ होते. तुमचा फरक ५०० हर्ट्झच्या आत असेल तर हात जोडा आणि ट्रिमरला स्पर्श करू नका. जास्त असेल तरच, प्लॅस्टिक किंवा सिरॅमिक टोकाच्या काडीने, एका वेळी केसभर. लोखंडी ड्रायव्हर नुसता जवळ आला तरी आकडा सरकतो आणि काढल्यावर पुन्हा दुसराच होतो.

तपासणी: पाच दाबांनंतर वॉट तेच आहेत का? सेट हाताला फार गरम लागत नाही ना? मगच आठवा टप्पा.

## ८. टोन बोर्ड बसवणे

आज अनेक रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारी उंचावरची स्टेशनं) सीटीसीएसएस टोनशिवाय, म्हणजे बोलण्याखाली सतत जाणाऱ्या हलक्या सुराशिवाय, उघडत नाहीत आणि या सेटमध्ये तो मूळचा नाही. बाजारात बोटाच्या नखाएवढे एन्कोडर बोर्ड मिळतात. त्यांना तीन तारा असतात: वीज, जमीन आणि टोन.

वीज अशा लाइनवरून घ्या जी फक्त ट्रान्समिटला चालू होते. सतत चालू लाइनवर जोडलात तर ऐकतानाही पॅक खातो.

टोनची तार सगळे माइकवर जोडतात. मग रिपीटर उघडत नाही आणि बोर्डला शिव्या बसतात. कारण साधं आहे. टोन ६७ ते २५४.१ हर्ट्झचे असतात, आणि माइकनंतरचं सर्किट ३०० हर्ट्झच्या खालचं मुद्दाम कापतं. वर लिमिटर टोनची आणि बोलण्याची भेसळ करतो. टोन त्या दोन्हींच्या पुढे, व्हीसीओच्या (फ्रीक्वेन्सी देणाऱ्या ऑसिलेटरच्या) मॉड्युलेशन डायोडला जाणाऱ्या वाटेवर द्यायचा. मॅन्युअलच्या नकाशात डेव्हिएशनच्या (आवाजाने फ्रीक्वेन्सी किती हलते त्याच्या) प्रीसेटनंतरची जागा शोधा.

मध्ये एक मोठा रेझिस्टर घाला. ४७० किलोओहमपासून सुरुवात करा आणि खाली उतरत या. छोट्या रेझिस्टरने सुरुवात केली तर बोर्डच व्हीसीओवर भार टाकतो आणि फ्रीक्वेन्सी सरकते, म्हणून जोडल्यावर सातव्या टप्प्यातलं मोजमाप पुन्हा करा.

टोनचं डेव्हिएशन किती? ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या सेटमध्ये ५०० ते ७५० हर्ट्झ. मोजायचं साधन नसेल तर मित्राला ऐकायला बसवा. रिपीटर नेमाने उघडतो अशी कमीत कमी पातळी शोधा, तिच्यापेक्षा थोडं वर ठेवा. मित्राला तुमच्या बोलण्याखाली फ्रीजसारखी गुणगुण ऐकू आली तर फार झालं. ‘काय भावा, मोटार चालू ठेवलीस काय?’ असं विचारेल तो.

बोर्ड उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या टेपमध्ये गुंडाळा, फोममध्ये नको. तारा व्हीसीओच्या डब्याला चिकटून नेऊ नका.

## ९. गाडीवर चालवायचं असेल तर

गाडीचे १३.८ व्होल्ट थेट नको. रिकाम्या पॅकच्या डब्यात ७८०९ रेग्युलेटर बसवा. अर्धा अँपिअरला त्यावर अडीच वॉटांच्या जवळपास उष्णता होते, म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी हवीच. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये तुकडा मागितला तर मिळेल. स्वस्त बक कन्व्हर्टर (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) थंड राहतो, पण त्याची शिट्टी रिसीव्हरमध्ये शिरते आणि दूरचं स्टेशन बुडतं.

## १०. मैदानात

कव्हर लावल्यावर पुन्हा एकदा वॉट मोजा. तार चिमटली असेल तर ती इथेच कळते. मग रंकाळ्याच्या काठावरून एकदा आणि टेंबलाईच्या टेकडीवरून एकदा, त्याच मित्राशी, त्याच फ्रीक्वेन्सीवर बोला. टेकडीवरून स्वच्छ आणि खालून तुटक, तर सेट बरा आहे, मधल्या इमारती आड येताहेत. दोन्हीकडून तुटक, तर आधी दुसरी अँटेना लावून बघा. सेट परत उघडायची घाई नको.

काय बदललं, कुठला रेझिस्टर कितीचा, टोन किती, तारीख, हे एका चिठ्ठीवर लिहून मागच्या कव्हरच्या आत चिकटवा. पावसाळ्यात महिनाभर वापर नसेल तर पॅक काढून वेगळा ठेवा, आणि सेट सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात.